मानेतली चौथी ग्रंथी

मला पहिला मुतखडा झाला तेव्हा सासूबाईंना मनापासून समाधान वाटलं. त्या वाईट नाहीत. झालं असं की, त्याआधी बराच काळ मी घरात नुसतं "बरं वाटत नाही" असं म्हणत होते, आणि नुसत्या बरं न वाटण्यावर त्यांच्याकडे उपाय नव्हता. खड्यावर होता. नवऱ्याने सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचून दाखवल्याबरोबर त्या उठल्या आणि त्यांनी कुळीथ भिजत घातले.

"कुळथाचा कढण पी गो," त्या म्हणाल्या. "आमच्या गावात खयचो डॉक्टर? पण खडो कोणाच्या पोटात रवलो नाय."

मी कढण प्यायले. डॉक्टरांच्या गोळ्याही घेतल्या. खडा पडला. सासूबाईंनी मजल्यावरच्या सगळ्या घरांत ही बातमी स्वतः जाऊन दिली. त्यात गोळ्यांचा उल्लेख नव्हता.

पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूला खडा झाला. मजल्यावरच्या लोकांनी सासूबाईंना विचारलं, आता काय? त्या म्हणाल्या, "ती बाजू उरली होती."

आम्ही काळाचौकीला राहतो. चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला आणि आम्ही पहिल्या मजल्यावरून अकराव्या मजल्यावर गेलो. नवरा लिफ्टचा माणूस. लोअर परळला, जिथे पूर्वी त्याचे वडील गिरणीत कामाला होते, तिथेच आता काचेच्या इमारतीतल्या लिफ्ट त्याच्या ताब्यात आहेत. तो कमी बोलतो. मी ठाकूरद्वारच्या एका गल्लीत छोट्या छापखान्यात मुद्रितं तपासते. लग्नपत्रिका, शाळेची गाइडं, मंडळांच्या स्मरणिका, अधूनमधून कवितासंग्रह. दुसऱ्यांच्या चुका काढायचं हे काम मी पंचवीसेक वर्षं करते आहे आणि ते मला आवडतं. मुलगी नोकरीसाठी हैदराबादला असते आणि रविवारी फोन करते.

खड्यांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, "पाणी कमी पिता तुम्ही."

मी म्हटलं, "खूप पिते. सारखी तहान लागते."

"मग आणखी प्या."

मी आणखी प्यायले. काळाचौकी ते ठाकूरद्वार या बसच्या रस्त्यावर कुठे उतरलं तर सोय होते, हे मला पाठ झालं होतं. छापखान्यात टेबलावर पाण्याची बाटली आणि तिच्या मागे दुसरी बाटली असायची. मालक म्हणायचे, "बाई, तुम्ही मुद्रितं तपासता की बागकाम करता?"

दरम्यान इतरही काही सुरू होतं. पायाची हाडं दुखायची. सांधे नव्हे, हाडं. नडगीत आतून कोणीतरी बोट दाबून धरल्यासारखं. आमचे फॅमिली डॉक्टर लालबागचे, जुने, भले गृहस्थ. ते म्हणाले, "पन्नाशी उलटली. पाळी गेली. बायकांचं कॅल्शियम कमी होतं." त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. मी नियमाने घेतल्या. पोट साफ होईना, त्यासाठी इसबगोल सांगितला. भूक मेली, त्यासाठी ॲसिडिटीचं औषध दिलं. झोप येईना, त्यासाठी ते म्हणाले, "विचार कमी करा." खडे एका डॉक्टरांकडे, पोट दुसऱ्यांकडे, पाय तिसऱ्यांकडे. माझा एकेक अवयव वेगळ्या दवाखान्यात नाव नोंदवून होता आणि त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती.

मग मी विसरायला लागले. गॅस बंद केला की नाही, असलं विसरणं सगळ्यांचंच असतं. माझं कामातलं गेलं. एका लग्नपत्रिकेच्या खाली नेहमीची ओळ होती: आपली उपस्थिती हाच आमचा आहेर. माझ्या हाताखालून ती छापून गेली तेव्हा तिथे "हाच आमचा आहार" असं होतं. एक मात्रा उडून काना आला होता. मी ती ओळ तीनदा वाचली होती.

वधूचे वडील पत्रिका घेऊन छापखान्यात आले. चिडलेले नव्हते. टेबलावर पत्रिका ठेवून म्हणाले, "वाटून झाल्यात. मुलाकडच्या मामांनी फोन करून विचारलं, जेवण ठेवलंय की नाही."

मालकांनी त्यांची माफी मागितली, चहा पाजला आणि ते गेल्यावर माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बाई, थोडी रजा घेता का?"

मला इतका राग आला की मी तिथेच रडले. मालक घाबरले. मालकांनी मला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मीही क्वचितच पाहिलं होतं. पण त्या वर्षी मी कशानेही रडायची आणि कशानेही भडकायची. टोमॅटो मऊ निघाले म्हणून. नवऱ्याने "बरं" म्हटलं म्हणून. आणि रडून-ओरडून झालं की मग काहीच वाटायचं नाही. गॅलरीत बसून समोरच्या टॉवरच्या खिडक्यांकडे बघत राहायची. नवऱ्याने एकदा विचारलं, "काय बघतेस?" मी काही बघत नव्हते.

"तिचो स्वभावच तसो झालोहा," सासूबाई फोनवर माझ्या नणंदेला सांगत होत्या. मी स्वयंपाकघरात होते. "स्वभावाक काय औषध?"

माझी ताई दादरला राहते. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, आणि अजून पूर्णपणे न झालेली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू आईवर चालली आहेस."

आमच्या घरात ही शिवी होती.

आमची आई गिरगावातल्या दोन खोल्यांत खिडकीपाशी बसून असायची. शेजारी पाण्याचा तांब्या. कण्हायची, कुरकुरायची, कोणी घरात आलं तर त्यांना ऐकू जाईल अशा बेताने सुस्कारे सोडायची. वडील कचेरीतून आले की चपला काढायच्या आत त्यांना दिवसभराच्या तक्रारी ऐकाव्या लागत. वाडीत तिचं नाव "किरकिरी" होतं. आम्हाला ते माहीत होतं आणि आम्हाला माहीत आहे हे तिला माहीत होतं. मी लग्न करून निघाले तेव्हा मनाशी एकच ठरवलं होतं, की काहीही झालं तरी आपण अशा व्हायचं नाही.

हात मोडला तो एका रविवारी. मी पडले नाही, घसरले नाही. स्टुलावर बसायला गेले, स्टूल वीतभर बाजूला होतं, आणि मी उजवा हात जमिनीला टेकला. एवढंच. टक्कन आवाज आला. सासूबाई म्हणाल्या, "पापड पडलो काय गो?"

पापड नव्हता. मनगट होतं.

परळच्या एका हॉस्पिटलात हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि ते तो जरा जास्त वेळ बघत राहिले. चाळिशीचे असतील. "किती उंचावरून पडलात?"

"स्टुलावरून. म्हणजे स्टुलाच्या बाजूवरून."

"हाड फार विरळ दिसतंय," ते म्हणाले. "पंच्याहत्तरीच्या बाईचं असावं तसं."

सासूबाई बरोबर आल्या होत्या. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्या रोज दोन बादल्या पाणी भरून उचलतात, गरज नसताना. टॉवरमध्ये चोवीस तास पाणी आहे. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझ्यापरास म्हातारी झालस तू?"

प्लास्टर घालता घालता डॉक्टरांनी सहज विचारलं, याआधी कसला आजार वगैरे?

"काही नाही," मी म्हटलं. "मुतखडे दोनदा."

त्यांचा हात थांबला. "मुतखडे? रक्तातलं कॅल्शियम कधी तपासलंय?"

"गोळ्या घेते ना कॅल्शियमच्या."

"घेणं वेगळं, तपासणं वेगळं," ते म्हणाले. आणि ओल्या प्लास्टरचा हात पुसून त्यांनी चिठ्ठी लिहिली.

रिपोर्ट आला. कॅल्शियम वाढलेलं होतं. थोडंथोडकं नाही; लॅबने आकड्यापुढे बाण काढला होता आणि आकडा ठळक छापला होता. घरी ही बातमी चांगली समजली गेली. सासूबाई म्हणाल्या, "वाढला तर बराच ना? हाडां घट्ट होतली." नवऱ्यालाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर मलाही. इतक्या वर्षांत माझं काहीतरी जास्त भरलं होतं.

हार्मोनच्या डॉक्टरांकडे जाताना नवरा रजा टाकून बरोबर आला. त्या डॉक्टरीणबाई होत्या, बोलायला सावकाश. त्यांनी सगळे जुने रिपोर्ट टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि आधी माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद केल्या. मग कागदावर एक मान काढली. चांगली काढली होती.

"ही थायरॉइड. हिचं नाव सगळ्यांना माहीत असतं. हिच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. तुमच्या चारातली एक बहुधा वाढली आहे. कॅल्शियम भरपूर असूनही तिला ते कमीच वाटतंय. म्हणून ती हाडांकडे मागत राहते. हाडं देत राहतात."

"आणि ते जातं कुठे?" नवऱ्याने विचारलं. लिफ्टच्या कामात त्याला हाच प्रश्न पडतो.

"रक्तात. तिथून किडनीत. मग खडे होतात."

मी जरा विचार केला. "म्हणजे माझ्या किडनीतून जे पडले ती माझीच हाडं?"

त्या म्हणाल्या, "शास्त्रात असं लिहीत नाहीत. पण साधारण तेच."

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. तहान फार लागते? लघवीला सारखं जावं लागतं? मी हो म्हणत गेले. बद्धकोष्ठ? भूक कमी? हो. थकवा? विसरायला होतं? मी आहेर आणि आहार यांची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत, लिहून घेतलं. मला त्याचं बरं वाटलं.

"उदास वाटतं?"

माझ्या आधी शेजारून नवरा म्हणाला, "हो."

"चिडचिड?"

नवऱ्याने वर पंख्याकडे पाहिलं. दवाखाना एसीचा होता, पंखा नव्हता. तरी त्याने पाहिलं.

"अहो, सांगा ना," मी म्हटलं.

"आहे," तो म्हणाला. मग डॉक्टरांना म्हणाला, "म्हणजे पूर्वी नव्हती. पूर्वी ही खूप हसायची. मला जोक समजला नाही तरी हसायची."

आमच्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. इतकी लांब वाक्यं त्याने माझ्याबद्दल माझ्यासमोर कधी बोलली नव्हती. मी टेबलावरच्या मानेच्या चित्राकडे बघत बसले.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला असं काही? आई, वडील?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला तांब्या दिसला. मग आईचे खडे आठवले. पानफुटीची पानं मिऱ्याबरोबर चावून खायची ती. मग तिची वाकलेली पाठ. मग खुबा मोडला तो दिवस. ती तेव्हा नुसती मोरीचा उंबरा ओलांडत होती. त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही.

"आईला असेल," मी म्हटलं. "पण ती गेली. आता कसं कळणार?"

"नाही कळणार," त्या म्हणाल्या. "बहुतेकांना हा आजार आनुवंशिक नसतोच. पण बहीण असेल तर तिचं एकदा तपासा. साधी रक्ताची तपासणी आहे."

त्या संध्याकाळी मी ताईला फोन केला. सगळं सांगितलं. ती मधे एक शब्द बोलली नाही, जे तिच्या बाबतीत दुर्मीळ. मग म्हणाली, "म्हणजे तुझं म्हणणं, आईचा स्वभाव नव्हता तो? ग्रंथी होती?"

"माझं काही म्हणणं नाही. डॉक्टर म्हणाल्या, कळायचं नाही. तुझंही तपासायला सांगितलंय."

"मी नाही तपासणार," ताई म्हणाली. "माझा मला स्वभाव आवडतो."

ऑपरेशनच्या आधी स्कॅन झाला. शिरेतून काहीतरी सोडून मला एका यंत्राखाली निजवलं आणि हलू नका सांगितलं. हे मला सहज जमलं; वर्षभर मी गॅलरीत तेच करत होते. खाली डावीकडची ग्रंथी दोषी निघाली. सर्जननी सही घेण्याआधी सांगितलं, की स्वरयंत्राची नस अगदी जवळून जाते, क्वचित आवाज बसू शकतो. सासूबाईंनी लगेच विचारलं, "कायमचो?" सर्जन म्हणाले, क्वचित. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मला वाटतं, त्या क्षणभर हिशोब करत होत्या.

एवढंच सांगून थांबले तर त्यांच्यावर अन्याय होईल, म्हणून पुढचंही सांगते. प्लास्टरच्या त्या सगळ्या दिवसांत माझी वेणी त्यांनी घातली. ब्लाउजचे हूक त्यांनी लावले. भात कालवून दिला. रोज सकाळी माझ्या मागे उभं राहून, कंगवा ओढत, माझ्या आळशीपणाबद्दल बोलत त्यांनी हे केलं. ऑपरेशनच्या सकाळी मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत. वेणी इतकी घट्ट घातली की भूल उतरल्यावर मला पहिलं दुखलं ते डोकं.

बाहेर आल्यावर सर्जननी नवऱ्याला मोबाइलवर फोटो दाखवला. रुमालावर ठेवलेला एक तपकिरी दाणा, शेजारी मोजपट्टी. भिजवलेल्या पावट्याएवढा. नवऱ्याने तो फोटो मागून घेतला. मी वॉर्डात आल्यावर त्याने तो सासूबाईंना दाखवला.

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. "एवढ्याशान एवढा सगळा केल्यान?"

"हो," नवरा म्हणाला.

"आणि आम्ही हिका बोलत होतो," त्या म्हणाल्या. मग फोन परत देत, "बोलत होतो ता काय सगळाच चुकीचा नव्हता."

माझा आवाज शाबूत होता. मी "पाणी" म्हटलं, तेव्हा नवरा चटकन उठला, आणि मग माझ्या लक्षात आलं, की नेहमीसारखी तहान नाहीये. घसा ओला करण्यापुरतं पाणी हवं होतं. दोन चमचे. त्याने पेला हातात धरून विचारलं, "बस?" मी म्हटलं, बस. तो पेल्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी माझ्या ओठांभोवती मुंग्या आल्या. मग बोटांच्या टोकांना. पायात गोळे आले. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, घाबरू नका, असं होतं. इतकी वर्षं हाडं लुटली गेली होती. आता मागणारी ग्रंथी गेल्यावर तीच हाडं रक्तातलं मिळेल ते कॅल्शियम ओढून घेत होती. "भुकेली हाडं म्हणतो आम्ही याला," त्या म्हणाल्या. आणि मला कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. पूर्वीपेक्षा दुप्पट.

ज्या गोळ्या चुकून घेत होते त्याच आता बरोबर होत्या. लालबागच्या फॅमिली डॉक्टरांना हे कळलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मी सांगितलंच होतं."

सासूबाईंनी नाचणी दळून आणली. आंबील, भाकरी, सत्त्व, लाडू. "मी काय सांगी होतंय?" त्या म्हणाल्या. नाचणीबद्दल त्यांनी पूर्वी काहीही सांगितलं नव्हतं; त्या कुळथाच्या बाजूने होत्या. मी वाद घातला नाही.

लोक विचारतात, ऑपरेशननंतर एकदम बरं वाटलं का? एकदम नाही. मनगट थंडीत अजून ठणकतं. उजव्या किडनीत एक बारका खडा आहे, तो हलत नाही, मीही त्याला हलवत नाही. हाडांची घनता वाढायला काळ लागेल, आणि पूर्वीसारखी होईलच असं नाही. पण महिन्याभराने एका सकाळी मी गॅलरीत उभी राहिले आणि समोरच्या टॉवरमधल्या एका खिडकीत कोणीतरी पोपटी रंगाचा पडदा लावलेला दिसला. मी नवऱ्याला विचारलं, "हा कधी लावला?"

तो म्हणाला, "दोन वर्षं झाली."

छापखान्यात परत गेले तेव्हा मालकांनी गणिताचं गाइड पुढ्यात टाकलं, परीक्षा घ्यावी तसं. मी पहिल्या पानावर सात चुका काढल्या. त्यातली एक त्यांच्या स्वतःच्या नावात होती. ते म्हणाले, "आलात परत."

घरी चिडचिडही राहिली, अगदीच गेली नाही. एकदा ओला टॉवेल पलंगावर टाकल्यावरून मी नवऱ्याला बोलले. तो शांतपणे ऐकत होता; मग आशेने म्हणाला, "कॅल्शियम तपासून घेऊ या का?"

"नाही," मी म्हटलं. "हे टॉवेलमुळे आहे."

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, उन्हात. रविवारी सकाळी आम्ही दोघं चालायचो. एकदा चालता चालता लोअर परळपर्यंत गेलो तेव्हा तो म्हणाला, "येतेस वर? माझी जागा दाखवतो." त्याच्या इमारतीत रविवारी शुकशुकाट. लिफ्टने शेवटच्या मजल्यावर, तिथून लोखंडी जिन्याने गच्चीवर, मशीनरूमशी. मशीनरूमच्या मागे, भिंतीच्या सावलीत एक प्लास्टिकची खुर्ची होती. शेजारी विटेवर स्टीलचा पेला पालथा घातलेला.

"हे काय?"

"ड्युटी संपली की बसायचो इथे. चहा घेऊन. घरी यायच्या आधी."

"रोज?"

"हो."

"किती वेळ?"

तो म्हणाला, "तू झोपली असशील असं वाटेपर्यंत."

त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. लिफ्टची क्षमता सांगावी तसं सांगितलं. तिथून काळाचौकीच्या बाजूचे टॉवर दिसत होते, आमचा कोणता ते ओळखता येत नव्हतं. आजार माझा होता, खडे माझे, हाडं माझी. आणि हा माणूस इतक्या उंचावर एकटा चहा पीत होता. मी खुर्चीवर बसले, कारण पाय दुखत होते. तो कठड्याला टेकून उभा राहिला आणि मला कोणत्या इमारतीत कुठल्या कंपनीची लिफ्ट आहे ते सांगू लागला. मी सगळं ऐकलं. आता तो वेळेवर घरी येतो. खुर्चीचं काय केलं, ते मी विचारलेलं नाही.

ताईने शेवटी तपासणी केली. कोणाला न सांगता, दादरच्या लॅबमध्ये जाऊन. रिपोर्ट आल्यावर मला घरी बोलावलं. कॅल्शियम नॉर्मल, बाकीही सगळं नॉर्मल. "म्हणजे माझा जो काही आहे तो अस्सल आहे," ती म्हणाली.

मग ती मेथी निवडायला बसली आणि मलाही एक जुडी दिली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी रोज विचार करते. आईचं."

"मीपण."

"आपण तिला किती टाळायचो गं. मी तर मुद्दाम शाळेत उशिरापर्यंत थांबायचे."

मी म्हटलं, "कळणार नाही म्हणाल्या ना डॉक्टर. नसेलही तिला काही."

"नसेलही," ताई म्हणाली. "पण ती आधी तशी नव्हती, एवढं मला माहीत आहे."

मी मान वर केली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला कळायला लागल्यापासून आई खिडकीपाशीच होती.

"तुझ्या जन्माच्या आधीचं सांगते," ताई म्हणाली. "ती नकला करायची. वाडीतल्या सगळ्यांच्या. हळदीकुंकवाला बायका तिला सोडायच्या नाहीत. समोरच्या खोलीतल्या इनामदारीणबाई होत्या बघ, नऊवारीचा ओचा सावरत नाकातून बोलायच्या? त्यांची नक्कल तर त्यांच्याच समोर करायची. आणि त्याच सगळ्यांत जास्त हसायच्या."

"आई?"

"आई. बाबा दारात उभे राहून बघायचे. एकदा तर तिने बाबांचीच केली, कचेरीतून येऊन छत्री झटकतात ती. वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन बसले होते."

मी म्हटलं, "करून दाखव."

"मला कुठे येतंय?"

"कर गं."

ताईने मेथीची ताटली बाजूला सारली. हात पदराला पुसले. गुडघा दुखतो म्हणून ती भिंतीला धरून उठली, पदर ओच्यासारखा एका हातात धरला, मान तिरकी केली आणि नाकातून म्हणाली, "अगं बाई, पाणी आलं का गं नळाला? आलं असेल तर मला नको सांगूस, मला भरावं लागेल."

निवृत्त मुख्याध्यापिका माझ्यासमोर आईची नक्कल करत होती, आणि ती आई आमच्या जुन्या शेजारणीची करत होती. इनामदारीणबाईंना मी पाहिलं होतं, त्या हुबेहूब होत्या. मधली बाई मात्र मला कधी भेटली नव्हती.

आम्ही पोट धरून हसलो. मग ताई खाली बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "आवाज जरा वेगळा काढायची ती. आणखी वरचा."

"अजून कोणाची करायची?" मी विचारलं.

ताई आठवू लागली. मी उरलेली मेथी माझ्याकडे ओढून घेतली.